निळ्या हाफ पँटमधली आई

इमारतीची टाकी धुतली की नळाला क्लोरीनचा वास येतो आणि मला २००४चा मे आठवतो. बदलापूरहून भाड्याच्या जीपने आम्ही वॉटर पार्कला गेलो होतो. साडीत पाण्यात उतरता येणार नाही, असं रखवालदाराने सांगितल्यावर आई काठावर बसली. मी रडवेली झाले. थोड्या वेळाने ती भाड्याच्या निळ्या हाफ पँटमध्ये आली.

“कोण ही पोरगी?” बाबा म्हणाले.

तिच्या गुडघ्यावर जुना व्रण होता.

“हे काय गं, आई?”

“लहानपणी चामटोलीत जांभळावरून पडले होते.”

“तू झाडावर चढायचीस?”

“मग! तुझ्या मामाच्याही वर.”

मोठ्या घसरगुंडीवरून तीच पहिली आली. परतताना ती पुन्हा साडीत होती. व्रण डाव्या गुडघ्यावर होता की उजव्या, ते मला सांगता येत नाही. तो पुन्हा दिसला नाही.