रापणीचा वाटा

सुदेश आजगावकर कट्टा गावचा. पोहायला शिकला तो विहिरीत, तेही कमरेला सुके नारळ बांधून. समुद्रात छातीभर पाण्याच्या पुढे तो जन्मात गेला नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण त्याच्या शौर्यपदकाच्या मानपत्रात 'खवळलेल्या समुद्रात झेप घेऊन' असं छापलंय.

पोलिसात शिपाई म्हणून लागला आणि हवालदार झाला. कुडाळच्या बाजारात वाहतूक सांभाळली, रेडीला बंदोबस्ताला उन्हात उभा राहिला. कुणाचा पैसा खाल्ला नाही, कुणावर हात उचलला नाही. अक्षर मात्र मोत्यासारखं, त्यामुळे येईल तो साहेब कागद त्याच्यापुढे सरकवायचा. साहेब सांगत आणि सुदेश लिही. तीस वर्षं त्याने एवढंच केलं, आणि तेवढंच नडलं.

त्या दिवशी मालवणकडच्या एका किनाऱ्यावर रापण ओढणं चाललं होतं. समुद्रात अर्धगोल जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या. तिथला रिवाज असा, की दोरीला ज्याचा हात लागला त्याला मासळीचा वाटा मिळणार, मग तो वाटसरू का असेना. तेवढ्यात सहलीची पाच मुलं पाण्यात ओढली गेली. रापणीतल्या शंकरने दोरीचा तुकडा कापून एक टोक कमरेला बांधलं, दुसरं किनाऱ्यावरच्यांच्या हाती दिलं आणि तो आत शिरला. गस्तीवर आलेला सुदेश छातीभर पाण्यात उभा राहिला. शंकर पोर आणून देई, सुदेश ते किनाऱ्यावर पोचवी. अशी चार मुलं आली. पाचवी मुलगी लाटेनेच बाहेर टाकली. दोरी ओढली तर ती रिकामी आली. शंकर दुसऱ्या दिवशी सापडला.

"पदकाचा प्रस्ताव आपल्या माणसाचाच जातो," साहेब म्हणाले. "त्या मच्छीमाराचं नंतर बघू. लिहा."

सुदेशने लिहिलं. 'बघ्यांपैकी एक इसम पाण्यात उतरून मयत झाला.' लिहिताना पेन क्षणभर अडलं होतं म्हणे. अडलं तर अडलं, थांबलं तर नाही ना!

शंकरच्या घरच्यांनी सरकारी मदतीसाठी केलेला अर्ज त्याच एका ओळीवरून फेटाळला गेला. ती ओळ असलेल्या कागदाची झेरॉक्स घेऊन शंकरची बायको यशोदा ठाण्यात आली.

"माझो घोव बघ्यो? ह्यां कोणी लिवल्यान?"

सुदेश समोरच बसला होता. घरीदारी मालवणीच बोलणारा माणूस, पण त्या घटकेला त्याला अगदी शुद्ध मराठी सुचलं. "मला कल्पना नाही, बाई."

तिने कागदावरचं अक्षर पाहिलं, मग त्याच्या पुढ्यात अर्धवट लिहिलेल्या वहीकडे पाहिलं, आणि ती निघून गेली.

पुढे पदक आलं. कट्ट्याच्या स्टँडवर बॅनर लागला. सत्काराला उभं राहिलं की शंकरचं नाव घ्यायचंच, असं सुदेश घरून ठरवून निघाला होता. माईक हातात आला. त्याने साहेबांचे आभार मानले, गावाचे मानले आणि तो खाली बसला. टाळ्या पडल्या. त्यानंतर ते पदक घरात त्याला डोळ्यांसमोर नकोसं झालं.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात पदकाची डबी खिशात घालून तो त्या किनाऱ्यावर गेला. यशोदेला ती द्यायची आणि जे ऐकवील ते ऐकून घ्यायचं, एवढंच ठरवलं होतं. तिने चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरंच वाटलं असतं. पण रापण ओढणं चालू होतं आणि शंकरच्या जागी यशोदाच दोरीला होती. नुसतं बघत उभं राहवेना, म्हणून त्यानेही दोरी धरली. तासभर ओढली, तळहात सोलले. कुणी त्याला हटकलं नाही.

जाळं आलं. वाळूत वाटे पडले. सुदेश यशोदेपुढे गेला आणि त्याने डबी उघडली.

"ह्यां शंकराचां आसा," तो म्हणाला. "माका माफ कर."

यशोदेने डबीकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने वाकून एका वाट्यातले बांगडे ओंजळीत उचलले.

"घेवा. तुमचो वाटो."

"माका नको गो."

"नको कित्याक? दोरयेक हात लायलात मां? आमच्यात हात लायलेल्याचो वाटो कोण खाणा नाय."

डबी खिशात टाकून सुदेशने दोन्ही हात पुढे केले. दुसरं काय करणार होता?