पदकांसकट पाद्री

चर्चला नवा पाद्री नेमायचा होता तेव्हा कमिटीने एकच उमेदवार धरून ठेवला, कारण तो लढाईत शौर्यपदकं मिळवून आला होता. त्याला प्रवचन जमतं का, हे विचारायचं राहूनच गेलं. जमत नव्हतं. माणूस सज्जन, आवाज खोल गेलेला, आणि कुणाला नाही म्हणायला जीभच रेटत नसे.

कमिटीचे अध्यक्ष फर्निचरवाले. त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नात त्यांनी सुचवलं, की पाद्रीसाहेबांनी झग्यावर पदकं लावली तर फोटोला शोभा येईल. पाद्रीसाहेबांनी लावली. मग काय, ज्याला त्याला पदकांसकट पाद्री हवा. बाप्तिस्म्याला हवा, दुकानाच्या उद्घाटनाला हवा. लढाई संपेपर्यंत पोटदुखीचं सर्टिफिकेट खिशात घेऊन फिरलेल्या एका गृहस्थांच्या अंत्यविधीलाही मुलांनी पदकांचा आग्रह धरला.

पिनांनी झग्याची चाळण झाली. रफू करता करता बायको एकदा म्हणाली, "तिकडे बंदुकीसमोर उभे राहिलात, आणि इथे फर्निचरवाल्याला घाबरता?"

"बंदूकवाला आग्रह करत नव्हता," तो म्हणाला.

अध्यक्षांच्या धाकट्या मुलीच्या लग्नात जेवणाच्या टेबलावर नवे व्याही पाद्र्याच्या शेजारी बसले होते. त्यांनी सगळ्यात मोठं पदक बोटांनी चाचपलं आणि हे कशाबद्दल, असं कौतुकाने विचारलं. एरवी तो 'असंच' म्हणून पाण्याचा पेला उचलायचा. त्या दिवशी त्याने सरळ उत्तर दिलं.

"खंदकात तीन पोरं झोपली होती. मी संगिनीने मारली. तिसरं जागं झालं, त्याने हात जोडले. मला थांबता आलं असतं."

व्याह्यांनी बोटं रुमालाला पुसली. अध्यक्षांनी घाईघाईने केक कापायला लावला.

त्यानंतर पदकांची मागणी एकदम थंडावली. पाद्री नवा शोधावा का, यावर कमिटीत बराच खल झाला. पण त्याला काढावं तर कारण सांगावं लागणार, आणि ते कुणालाच तोंडातून काढायचं नव्हतं. शेवटी रविवारी अध्यक्ष उपासनेत उभे राहिले. आपल्या पाद्रीसाहेबांनी केवळ विनयापोटी यापुढे पदकं न लावण्याचं ठरवलं आहे, असं त्यांनी भरल्या गळ्याने जाहीर केलं. पुढच्या बाकावरच्या बायकांनी डोळे टिपले.

पाद्रीसाहेब उठले. "हा विनय नाही," असं त्यांनी सुरू केलं, तेवढ्यात अध्यक्षांनी पेटीवाल्या बाईंना खूण केली, आणि सगळी मंडळी उभी राहून मोठ्याने गाऊ लागली.