थांबलेला पंखा

"पोरीनं भीतीनं डोळे मिटून घेतले असतील. तिला काय दिसणार?" पडद्यापलीकडं विमान कंपनीचा माणूस वडिलांना उर्दूत म्हणाला.

"आमची लेक बुजरीच हाय," वडील म्हणाले. "घरातसुद्धा बोलत न्हाय."

मी आत डावा हात गळ्यात बांधून बसले होते. महिन्यापूर्वी मामाबरोबर मुंबईहून हैदराबादला, माझ्या इंग्रजी शाळेत परत जाताना, आमचं विमान उतरता उतरता शेतात कोसळलं. प्रवासी वाचले. वैमानिक गेला.

आत्या एक कागद आणि शाईची गादी घेऊन आली. "लाव अंगठा. पाहुणा उमरग्यापर्यंत आलाय तुझ्यासाठी."

कागद इंग्रजीत टाइप केलेला होता. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं, आणि मला येतं का, हे विचारायचं पाहुण्याला सुचलं नव्हतं.

मी वाचलं. विमानात कसलाही बिघाड मला दिसला नाही, वैमानिकाचा उंचीचा अंदाज चुकला, असं त्यात मीच सांगत होते.

माझी जागा खिडकीपाशी होती. विमान खाली येऊ लागलं तसं डाव्या इंजिनातून काळं तेल काचेवर उडालं. पंखा अडखळला आणि थांबला. त्याची तिन्ही पाती मला मोजता आली. मग विमान कललं. समोर घरं होती. ती टाळून वैमानिकानं ते कसंबसं शेताकडं वळवलं.

दवाखान्यात त्याची बायको खाटेखाटेपाशी जाऊन एकच विचारत होती, त्यांचं काही चुकलं का? माझ्यापाशी आली तेव्हा मी चादरीकडं बघत राहिले. ती पुढच्या खाटेकडं गेली.

"आत्या, हे खोटं आहे."

"हळू बोल. मेलेल्या माणसाला आता काय त्याचं?"

मी कागद उचलला आणि पडदा सारून बाहेर गेले.

"आत जा," वडील म्हणाले.

शाळेत धडा वाचायला उभं केलं तरी माझा आवाज फुटत नसे. आता मी सगळा कागद इंग्रजीत मोठ्यानं वाचला. पाहुण्यानं हातातली कपबशी खाली ठेवली. मग वडिलांनाही कळावं म्हणून मी मराठीत म्हणाले, "पंखा आधी थांबला, विमान त्यानंतर खाली गेलं. त्यांचं काही चुकलं नाही. असं लिहून आणा, मी सही करते."