आधी विहिरीत बघ

परवा निंबोल्याला ताईच्या मळ्यात गेलो होतो. दुपारचं जेवण, थोड्या गप्पा आणि संध्याकाळपर्यंत बऱ्हाणपूरला परत, एवढाच बेत. परत आलो तो डोक्यात राग घेऊन... अजून उतरलेला नाही.

ताईची मोटर हल्ली मोबाइलवर चालते. विहिरीजवळच्या पेटीत एक सिमकार्ड बसवलंय. लाइट आली की माझ्या भाच्याला, निखिलला, मेसेज जातो. तो शहरातल्या घरी सोफ्यावर बसून बटण दाबतो, की इकडे केळीला पाणी सुरू. अंधारात बॅटरी घेऊन मळ्यात जायला नको. सोय चांगली आहे, मीही कौतुक केलं होतं.

पण या सोयीपायी निखिलचं मळ्यात येणंच बंद झालं. तिशीतला मुलगा, सगळा दिवस नजर स्क्रीनवर. गेला आठवडाभर पाणी कमी पडत होतं. दाजींनी त्याला दोनदा बोलावलं. "ॲपमध्ये तर सगळं ओके दाखवून राहिलं, पप्पा," हे उत्तर. केळीची पानं पिवळी पडत होती... ती ॲपमध्ये दिसत नाहीत.

शेवटी परवा दाजी स्वतःच विहिरीत उतरले. साठी ओलांडलेला माणूस, कमरेला दोर, छातीभर पाण्यात उभा राहून मोटरीच्या जाळीतला कचरा काढत होता. लाइट नव्हती, म्हणूनच उतरले. दोर झाडाला बांधलेला, तरी मी काठावर तो धरून उभा. खालून थट्टा चालूच होती, "साळेबुवा, नीट धरा! पेपरात माझा फोटो छापायची वेळ आणू नका!"

तेवढ्यात शेजारच्या मळ्यातली मोटर सुरू झाली. हौदात पाणी पडल्याचा आवाज आला... म्हणजे लाइट आली होती.

"दाजी, वर या! लाइट आली!" असं ओरडतोय तोच खिशातला फोन वाजला. निखिल.

"मामा, मळ्यातच आहात ना? जरा पेटी बघा ना. लाइट आल्याचा मेसेज आला, पण मोटर सुरू नाही होऊन राहिली. चार-पाच वेळा दाबलं मी."

चार-पाच वेळा.

मी पेटीकडे पाहिलं. ताई पेटीला पाठ लावून बसली होती. तिने पदराची गाठ सोडून दाखवली. आत मोटरीचे तीन फ्यूज, चिनी मातीचे, पांढरे. दाजींनी कमरेला दोर बांधायच्या आधीच तिने ते काढून घेतले होते.

"तुझे पप्पा विहिरीत आहेत," मी निखिलला सांगितलं. तो म्हणाला, "अरे, मग ग्रुपवर टाकायचं ना, मामा!"

ग्रुपवर!

आमच्या फॅमिली ग्रुपवर सकाळपासून गुलाबाची फुलं, कोणाचा तरी वाढदिवस आणि हळदीचे फायदे येत असतात. त्यात कुठेतरी टाकायचं की बाप विहिरीत आहे. आणि नाही टाकलं, तर बाप विहिरीत नाही!

माझं सगळं आयुष्य पेपरच्या डेस्कवर गेलं. आवाज चढवणं माझ्या स्वभावात नाही. पण मोटरीचा शॉक लागून शेतकरी गेला, ही बातमी मी कितीदा चार ओळींत बसवलीय... आतलं पान, खालचा कोपरा. बटण कोणी दाबलं, हे त्या चार ओळींत कधीच नसायचं. फोनवर मी निखिलला जे बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दाजी वर आले. काय झालं ते ऐकलं. थट्टा थांबली. टॉवेलने हात पुसत राहिले, हात कोरडे झाले तरी.

थोड्या वेळाने निखिल बाइकवर आला. बापाकडे न बघताच "सॉरी पप्पा" म्हणाला, हातात फोन होताच. मग लगेच पेटीकडे वळला. लाइट जायच्या आत पाणी द्यायचं होतं. त्याने ताईकडे फ्यूज मागितले.

ताईने पदर आवळला. "आधी विहिरीत बघ."

"आई, काय यार... पप्पा तर इथेच उभे आहेत ना!"

"मला दिसून राहिले. तू बघ."

तो काठावर गेला. वाकायला दोन्ही हात लागतात, म्हणून फोन खिशात ठेवावा लागला. खाली काळं पाणी, आणि त्यात दाजींच्या कमरेचा दोर अजून लोंबत होता. निखिल वाकला तो बराच वेळ उठलाच नाही. वळला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कोणी नाही, आई," एवढंच कसंबसं म्हणाला. मग ताईने एकेक करून तिन्ही फ्यूज त्याच्या हातावर ठेवले.

जेवायला बसलो तेव्हा त्याचा फोन सारखा वाजत होता. झालेला प्रकार त्याने ग्रुपवर टाकला होता, आणि नातेवाइकांच्या जोडलेल्या हातांची रांग लागली होती... माझा जरा निवलेला राग पुन्हा चढला.

ताई त्या ग्रुपवर नाही. तिच्याकडे बटणांचा साधा फोन आहे. म्हणून मी ताटावरूनच तिला हात जोडले.

"काय रे हे, भाऊ," ती म्हणाली, "जेव आधी. भाकर गार होऊन राहिली."