हनोईची एकच बाजू

अमेरिकेतल्या पार्सिपनीत सहा वर्षं राहिलं की माणसाला रस्ता ओलांडता येईनासा होतो. यात माणसाचा दोष नाही, तिथे तसा प्रसंगच येत नाही. दूध आणायचं तर गाडी, समोरच्या बिल्डिंगमधल्या जोशीकाकूंकडे हळदीकुंकवाला जायचं तरी गाडी! चुकून कधी पायी निघालोच, तर खांबावरचं बटण दाबायचं, दिव्यात पांढरा माणूस उगवेपर्यंत थांबायचं आणि मग थांबलेल्या गाड्यांकडे बघत मंत्र्यासारखं पलीकडे जायचं.

आपलं हे असं झालंय, हे मला २००६च्या उन्हाळ्यात हनोईत कळलं.

ऑफिसातल्या ग्रेगने बॅकपॅकिंगचं खूळ माझ्या डोक्यात भरवलं होतं. पाठीवर सॅक टाकायची आणि सुटायचं, म्हणाला. आम्ही सुटलो. मी, माझी बायको मुग्धा आणि सात वर्षांची इरा. सॅकाही ग्रेगने सांगितल्या तशाच होत्या, फक्त आत मेतकूट, बेसनाचे लाडू आणि छोटा कुकर होता (कुकर नेऊ नका असं ग्रेग कुठे म्हणाला होता?). बँकॉक झालं, लाओस झालं, आणि मग डोंगरातून हाडं खिळखिळी करणाऱ्या बसने आम्ही हनोईत येऊन पडलो, तेव्हा एकमेकांशी धड बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. ऊन असं, की सावलीतही घाम सुटावा.

आणि समोर तो रस्ता! त्यावर स्कूटरीच स्कूटरी. एका स्कूटरवर अख्खं कुटुंब, दुसरीवर आरसा लावलेलं कपाट, तिसरीवर जिवंत डुक्कर. सिग्नल होता, पण त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं.

"बाबा, व्हेअर इज द बटन?" इराने विचारलं.

मी तिला सांगितलं की काळजी करू नकोस, तुझा बाबा पुण्यात कॉलेजला मोपेडवर जायचा, असे रस्ते त्याने खिशात घातलेत. मुग्धा नागपूरची. तिने इराचा हात घट्ट धरला. मी फुटपाथवरून एक पाय खाली ठेवला आणि लगेच वर घेतला. थोड्या वेळाने दुसरा पाय ठेवून पाहिला. मग म्हणालो की या बाजूलाही बघण्यासारखं खूप आहे.

खोटं सांगत नाही, हनोईतला सगळा मुक्काम आम्ही त्या एकाच बाजूला काढला. जेवण त्या बाजूचं, कॉफी त्या बाजूची, देऊळही त्याच बाजूचं. पलीकडे सुंदर तळं होतं. ते आम्ही गेस्टहाउसच्या गच्चीवरून पाहिलं.

परतीच्या दिवशी विमानतळाची बस तळ्याच्या बाजूने सुटणार होती, अगदी गेस्टहाउसच्या समोरून. मी टॅक्सी बोलावली. समोर हात करून ड्रायव्हरला जागा दाखवली. त्याने एकदा त्या जागेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मग चौकाला वळसा घालून आम्हाला पलीकडे नेऊन सोडलं. जाताना तो हसत होता. हसू दे, म्हटलं.

सॅका उतरवल्या आणि मुग्धाने सहज विचारलं, "पासपोर्ट तुझ्याकडेच आहेत ना?"

मी सगळे खिसे चाचपले. तिथल्या गेस्टहाउसांत पासपोर्ट काउंटरवर ठेवून घ्यायचा रिवाज. निघताना मागून घ्यायचे, ते मी टॅक्सीच्या गडबडीत विसरलो होतो. आता त्या पासपोर्टांत काय होतं, हे आमच्यासारख्यालाच कळेल. एच-वनचा, म्हणजे अमेरिकेत नोकरी करायच्या व्हिसाचा शिक्का! ग्रीन कार्ड रांगेत अडकलेलं. त्या शिक्क्यावर माझी नोकरी, भाड्याचं घर, इराची शाळा, सगळं टांगलेलं होतं. पासपोर्ट गहाळ झाला असता तर आमचं पार्सिपनीचं बिऱ्हाड तिथे आणि आम्ही इथे, लाडू खात. आजूबाजूला टॅक्सी दिसेना, बस कधीही येईल अशी वेळ.

मी पुणेरी पद्धत काढली. म्हणजे हात वर करायचा, डोळे वटारायचे आणि धावायचं. पुण्यात समोरचा शिव्या देतो, पण ब्रेक मारतो. हनोईत कोणी ब्रेक मारत नाही. माणूस सरळ चालत राहील असं धरून ते बाजूने निघून जातात. मी धावलो, थबकलो, मागे सरलो, परत धावलो, आणि त्यांचे सगळे अंदाज चुकवले! एक कोंबड्यांची टोपली माझ्या कानाजवळून गेली. मी रस्त्याच्या मधोमध एक हात वर करून उभा राहिलो आणि मला पुढेही जाता येईना, मागेही येता येईना. मी घाबरलो होतो. मरायची भीती होतीच, पण कुकर घेऊन बायको-मुलीने एकटं घरी जायचं, या विचाराने जास्त रडू येत होतं.

तेवढ्यात गेस्टहाउसची मालकीणबाई आमचे पासपोर्ट हातात धरून बाहेर आली. ती भाजी आणायला निघाल्यासारखी रस्त्यात उतरली, माझ्या शेजारून गेली आणि पासपोर्ट मुग्धाच्या हातात देऊन परत फिरली. परतताना तिला माझी दया आली असावी. माझं तोंड तिच्या दाराकडे होतं. तिने माझं मनगट धरलं आणि मला अलगद स्वतःच्या फुटपाथवर आणून सोडलं, पाठीवर थोपटलं आणि आत आलेल्या पाहुण्यांकडे निघून गेली.

म्हणजे बायको, मुलगी, पासपोर्ट, सगळं तिकडे आणि मी एकटा इकडे! आणि बस आली.

"येतोयस ना?" पलीकडून मुग्धा ओरडली. "तुझा व्हिसा माझ्या पर्समध्ये आहे. तू नाही आलास तरी तो अमेरिकेला जाईल."

मी रस्त्यात उतरलो. धावायचंच ठरवलं होतं, पण गुडघ्यांनी साफ नकार दिला. डोळे अर्धे मिटून, रामरक्षेतली जी ओळ आठवेल ती म्हणत, मी गोगलगायीच्या वेगाने निघालो. आणि काय सांगू, स्कूटरी दोन्ही अंगांनी वळून जायला लागल्या! कुणी हॉर्नसुद्धा जोरात वाजवला नाही. माझे पाय पलीकडच्या फुटपाथला लागले तेव्हा बसमधल्या दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. मुग्धाने माझा दंड घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"काय शांतपणे आलास रे," ती म्हणाली. मी गुडघ्यांबद्दल काही बोललो नाही.

इरा मात्र कॅमेऱ्यात डोकं घालून नाराज उभी होती. "बाबा, इट्स ब्लरी. कॅन यू डू इट अगेन?"

तो फोटो अजून पार्सिपनीच्या घरी फ्रिजवर लावलेला आहे. मागचं झाड, गेस्टहाउसची पाटी, पुन्हा दारात आलेली मालकीणबाई, सगळं स्वच्छ आलंय, फक्त मी धूसर. येणारे-जाणारे म्हणतात, पोरीचा हात हलला असेल. मीही मान डोलावतो. पण पोरीचा हात अगदी स्थिर होता हो, हलत होतो तो मीच.