सकाळची लेडीज बॅच

आमच्या सकाळच्या लेडीज बॅचचे किस्से मी काही मुद्दाम जमवले नाहीत. पण त्या बॅचमधल्या आम्ही तिघी-चौघी कुठे लग्नकार्यात भेटलो, की पंगत उठते आणि आम्ही बसलेल्याच असतो. एकीचा किस्सा संपेपर्यंत दुसरीला तिसरा आठवतो. आणि प्रत्येकात गायकवाड मॅडम असतातच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी टेलिफोन ऑफिसात नोकरीला, वय पस्तिशीचं, पाठदुखी कायमची. डॉक्टर म्हणाले, पोहायला लागा. म्हणून नाशिकच्या तरण तलावावर नाव घातलं. तिथे बायकांना प्रमिला गायकवाड मॅडम शिकवायच्या. बुटक्या, सावळ्या, गळ्यात शिट्टी. ती शिट्टी त्यांनी कधी वाजवलेली मला तरी आठवत नाही.

पहिल्याच दिवशी मी सांगून टाकलं, "मॅडम, माझं अंगच जड आहे. मी काही तरंगणार नाही."

"म्हैस पाहिलीय ना पाण्यात?"

"हो."

"तिला अजून कुणी सांगितलं नाहीये, की ती जड आहे."

मला असा राग आला म्हणता! त्या रागात घाबरायचं राहूनच गेलं.

*

पंचवटीच्या देशपांडे काकू साठीच्या होत्या. छातीभर पाण्यात उतरायच्या, पण काठाची दांडी सोडायच्या नाहीत. सगळी बॅच पुढे गेली, काकू दांडीलाच. मॅडमनी एकदाही त्यांचा हात ओढला नाही.

एके दिवशी मॅडम त्यांच्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "काकू, माझी भाकरी थापताना फाटते हो."

"पीठ गरम पाण्यात मळतेस का?"

"मळते की. थापतानाच काहीतरी चुकतंय." आणि मॅडम हवेत भलतीच भाकरी थापायला लागल्या.

काकूंना ते बघवेना. "अगं अशी नाही, अशी," म्हणत त्यांनी दोन्ही तळहात फिरवले. मॅडम चुकत राहिल्या आणि एकेक पाऊल मागे सरकत राहिल्या. काकू शिकवत शिकवत त्यांच्यामागून पाण्याच्या मधोमध.

"काकू, दांडी कुठंय?"

काकूंनी वळून पाहिलं. दांडी चांगलीच लांब राहिली होती.

"राहू दे तिथंच," काकू म्हणाल्या. "आधी तुझा हात बघू."

*

उज्ज्वला चांदवडला शाळेत शिक्षिका होती. पोहून झालं की ओल्या केसांनी एसटी पकडायची. हातपाय सुरेख मारायची, पण तळाच्या फरशीचा रंग गडद झाला, की तिथेच थांबायची. "इथून पुढे मी बुडते," असं ती सांगायची, एसटीचं टाइमटेबल सांगावं तसं.

मॅडमनी वाद घातला नाही. तिला पाठीवर पोहायला शिकवलं. "मी सांगेपर्यंत वर बघत यायचं," एवढंच म्हणाल्या आणि तिच्या बाजूने पोहत राहिल्या. उज्ज्वलाच्या डोक्याला मॅडमचा तळहात लागला, तेव्हा ती पलीकडच्या भिंतीपाशी होती. खाली दहा फूट पाणी. तिने वळून पाहिलं आणि चेहराच उतरला.

"मॅडम, मी तर इथे बुडते!"

"जमलं नाही वाटतं आज," मॅडम म्हणाल्या. "परत जाताना प्रयत्न कर."

हसता हसता तिच्या नाकातोंडात पाणी गेलं. तरी ती पोहतच परत आली.

*

शीला वहिनी मात्र शेवटपर्यंत पोहायला शिकल्या नाहीत. एकदा मनाचा हिय्या करून त्यांनी खोल बाजूला उडी मारली, आणि मॅडमनी बांबू पुढे करून त्यांना बाहेर काढलं. त्यानंतर त्या आल्याच नाहीत. आम्हाला वाटलं, धसका घेतला.

काही महिन्यांनी बघते तर वहिनी एसटी स्टँडपाशी, सीबीएसच्या चौकात स्कूटरवर. त्या गर्दीत, एकट्या. मी हाक मारून थांबवलं. मिस्टरांनी म्हणे स्कूटर शिकवायला साफ नकार दिला होता, तुला जमणार नाही म्हणून.

"मग?"

"मी म्हटलं, दहा फूट पाण्यात उडी मारलेली बाई आहे मी. मला काय स्कूटर सांगता."

"आणि बांबू?"

"तो घरी सांगायचा राहिला," म्हणत वहिनींनी गिअर टाकला.

*

एक किस्सा दोन हजार सालानंतरचा. बॅच सुटली होती, आम्ही दोघी-तिघी केस पुसत बाकावर बसलो होतो. मॅडम त्यांच्या आईला घेऊन आल्या. वणीजवळच्या गावाहून आलेली सत्तरीची म्हातारी. अंगात लेकीचा पंजाबी ड्रेस, जन्मात पहिल्यांदा घातलेला. सारखी ओढणी नीट करत होती.

आई पाण्याकडे बघत उभी होती, तेव्हा मॅडम आमच्यापाशी येऊन हळू आवाजात बोलल्या. "गावच्या विहिरीवर आमच्या लोकांना चढू देत नव्हते. आई लांब उभी राहायची. कुणी वरून घागरीत ओतलं तर पाणी. मी इथं पहिल्यांदा उतरले ना, तेव्हा चारी बाजूंना बघितलं. कुणी काही म्हटलं नाही. कुणाचं लक्षसुद्धा नव्हतं. तरी मीच बाहेर आले आणि घरी गेले."

"मग?"

"मग काय, दुसऱ्या दिवशी परत आले."

त्या आईजवळ गेल्या. म्हातारी पायऱ्यांच्या तोंडाशी थांबली होती. एवढं मोठं निळं पाणी, त्यात कुणीच नाही.

"कोनाला इचारायचं?" तिने विचारलं.

"हितं मीच हाय, आई. मला विचार."

म्हातारीने पदर सावरावा तशी ओढणी डोक्यावरून घेतली. हात जोडले. आणि आपल्या पोटच्या लेकीला म्हणाली, "मॅडम, उतरू का?"

मॅडम आधी स्वतः दोन पायऱ्या पाण्यात उतरल्या. मग मागे हात केला.

"ये."