चौथा दगड

ते चार दगड रस्त्यावर मी ठेवले होते. तीन महिने ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नाही, बायकोलाही नाही. आज कंपाउंडरकाकांबद्दल लिहायला बसलो आहे, तर सगळ्यात आधी हेच लिहायला हवं. नाहीतर त्यांच्याबद्दल चांगलं चांगलं लिहिताना मी पुन्हा त्यांच्याच आड लपून बसेन.

कंपाउंडरकाका आमच्या गावचे. गुरांच्या सरकारी दवाखान्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले तरी मुरबाडपासून किन्हवलीपर्यंत कुणाची गाय अडली, कुणाच्या बैलाच्या खुरात काटा मोडला, की फोन त्यांनाच. जुनी मोटरसायकल, मागच्या कॅरिअरला औषधांची पत्र्याची पेटी, डोक्यावर पांढरं हेल्मेट. पण रस्त्यावरून जाणाऱ्याला त्यांचं पहिलं दर्शन व्हायचं ते पाठीचं. गाडी कडेला लावलेली, इंडिकेटर लुकलुकतोय आणि हा माणूस वाकून रस्त्यातला दगड उचलतोय.

दगड ते कधी फेकत नसत. दोन्ही हातांनी उचलून गटाराच्या पलीकडे नेऊन ठेवत. मी एकदा म्हणालो, "काका, भिरकावून द्या की, किती वेळ घालवता!" तर म्हणाले, "फेकला तर घरंगळून परत येतो रे. ठेवला का ऱ्हातो."

आमच्याकडे गाडी रस्त्यात बंद पडली की मागे दहा पावलांवर दगड मांडतात आणि त्यांत झाडाची फांदी खोचतात. मागून येणाऱ्याला कळावं म्हणून. गाडी सुरू झाली की मात्र माणूस निघून जातो आणि दगड तिथेच राहतात. कंपाउंडरकाकांनी आयुष्यभर उचलले ते बहुतेक असले दगड. कुणाला ते शिव्या देत नसत. एवढंच म्हणत, "ठेवताना आठवतं. काढताना नाय आठवत."

दुसरी गोष्ट म्हणजे हा माणूस भित्रा होता, आणि ते उघड सांगायचा. आमच्याकडे पुरुषमाणूस असलं काही बोलत नाही. फाट्यावरच्या चहाच्या टपरीत कुणी सांगत असायचा, शहापूर पंचवीस मिनिटांत गाठलं. कुणी म्हणायचा, माळशेज घाट एका हातानं उतरलो. काका बशीतला चहा संपवून म्हणायचे, "मी भितो बाबा. किक मारताना रोज भितो. म्हणून तर रोज घरी येतो." सगळे हसायचे. मीही हसायचो.

गाडी मी त्यांच्याकडेच शिकलो. तेव्हा मला आटगावजवळच्या एका गोदामात स्टोअरकीपरची नोकरी लागली होती, आणि वडिलांनी मला त्यांच्या हवाली केलं होतं. ते मागे बसायचे, मी चालवायचो. क्लच, गिअर वगैरे त्यांनी एका दिवसात आटोपलं. बाकीचे पंधरा दिवस फक्त दुसऱ्यांबद्दल. समोरून गाडी आली की मागून खांद्यावर टपली बसायची, "डिपर मार, दिवा खाली घे. त्याचे डोळे गेले तर तो येईल कुठं? आपल्याच अंगावर ना?" वासरू रस्ता ओलांडून गेलं आणि मी गिअर टाकला की दुसरी टपली, "थांब. आय मागं ऱ्हायलीय त्याची." आणि खरंच, करवंदीच्या जाळीतून गाय बाहेर यायची.

त्यांच्या बोलण्याला धार होती, पण तिनं कापलं कुणी जात नसे. एक जण हेल्मेट आरशाला अडकवून निघाला होता. काकांनी त्याला थांबवून अगदी काळजीनं विचारलं, "आरशाला थंडी वाजते का रे?" टपरी हसली, तोही हसला, आणि हेल्मेट डोक्यावर गेलं. गाडीवर मागे बसलेल्या बाईचा पदर चाकाजवळ लोंबताना दिसला, तर ते हॉर्न वाजवत फर्लांगभर तिच्या मागे जायचे. "ओ वयनी, पदर खोचा आधी! मग जावा माहेराला!"

एकदा भाताच्या आवणीच्या, म्हणजे लावणीच्या दिवसांत एक ट्रॅक्टर चिखलणी उरकून शेतातून डांबरी रस्त्यावर चढला. लोखंडी चाकांतला चिखल लादीसारखा रस्त्यावर पसरत चालला. वरून पावसाची भुरभुर. असल्या चिखलावर मोटरसायकलचं चाक कधी सुटलं ते चालवणाऱ्याला पडल्यावर कळतं. काकांनी ट्रॅक्टरपुढे गाडी आडवी लावली आणि म्हणाले, फावडं काढ आणि खरवड. ट्रॅक्टरवाला तापला.

"रस्ता काय तुझ्या बापाचा हाय?"

"माझ्या बापाचा असता तर असे खड्डे ठेवले असते का?" काका म्हणाले. "रस्ता तुझ्या मागून येतो त्याचा हाय. काढ फावडं, मी पन खरवडतो."

अर्धा तास दोघं मिळून रस्ता खरवडत होते. मी गाडीवर बसून बघत होतो आणि घड्याळ बघत होतो. मला कामावर जायला उशीर होत होता.

आता ते चार दगड.

म्हशाच्या गुरांच्या जत्रेचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी मी आणि मेहुणे बैल बघायला जाणार होतो, आणि दात बघून बैलाचं वय सांगायला काका बरोबर येणार होते. संध्याकाळी मी कामावरून परत येत होतो. किन्हवली सोडल्यावर एक वळण लागतं आणि वळणाला लागूनच मोरी आहे, खालून पाणी जाणारा अरुंद पूल. बरोबर त्या मोरीवर माझ्या गाडीची चेन उतरली. कडेला घ्यायला जागा नव्हती, दोन्ही बाजूंना खाली शेत. मी रीतीप्रमाणे मागे चार दगड मांडले, त्यांत ऐनाची फांदी खोचली. चेन पुन्हा पुन्हा सुटत होती. तिचं काळं तेल कोपरापर्यंत आलं. फांदी वाऱ्यानं पडली, तेव्हा उठून दगड पुन्हा जवळ सरकवले. शेवटी चेन बसली. तेवढ्यात घरून फोन, मेहुणे येऊन बसलेत, किती वेळ? दिवस मावळला होता. मी किक मारली आणि निघालो.

मी विसरलो, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. दोन किलोमीटरवर मला दगड आठवले. मी गाडी हळू केली. मागे वळून बघितलंही. मग मनात म्हणालो, काढील कुणीतरी. आणि हे म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर कोण होतं ते मला पक्कं माहीत आहे. पांढरं हेल्मेट आणि वाकलेली पाठ.

तसंच झालं. अर्ध्या तासानं कंपाउंडरकाका एक अडलेली गाय सोडवून त्या रस्त्यानं आले. त्यांनी गाडी मोरीच्या अलीकडे लावली, इंडिकेटर चालू ठेवला आणि एकेक दगड उचलून खाली शेताच्या बांधाला ठेवायला लागले. तीन झाले. चौथा हातात घेतला तेव्हा समोरून एक पिकअप मोठे दिवे टाकून आला, आणि मागून, वळणावरून, लहानू आला.

लहानू पलीकडच्या वाडीतला, वीटभट्टीवर काम करणारा. मोटरसायकलवर मागे त्याची बायको होती. पिकअपच्या उजेडात त्याला वाकलेला माणूस दिसलाच नाही. काकांची मांडी दोन ठिकाणी मोडली. लहानूची बायको कोपरावर घसरत गेली. पिकअप थांबला नाही.

मला कळलं तेव्हा मी मेहुण्यांबरोबर जेवत होतो. दवाखान्यात पोचलो, तर काका दारातच स्ट्रेचरवर, डोळे उघडे. बाहेर आमच्या फाट्यावरच्या लोकांनी लहानूला घेरलं होतं. कुणी त्याची कॉलर धरली होती. "प्यायलास ना रे? आंधळ्या, म्हातारा माणूस दिसला नाय तुला?" तो रडत सांगत होता, "नाय ओ दादा, दगड व्हते रस्त्यात, बाबा दगड काढत व्हता!" एकानं त्याला कानफटात मारली. "त्या रस्त्याचे दगड ते रोजच काढतात. आजच कसा नडला तुला?"

मी तिथे उभा होतो. हात साबणानं घासले होते, पण नखांत काळं राहिलं होतं. मी हात खिशात घातले.

तेव्हापासून मला भीती म्हणजे काय ते कळलं. काकांची भीती वेगळी होती, ती त्यांना घरी घेऊन यायची. माझी मला घरात राहू देईना. फोन वाजला की मी तो घेऊन अंगणात जायचो. त्या मोरीवर आलो की पाय आपोआप ब्रेकवर जायचा. आरशात मागचा दिवा दिसला की वाटायचं, हा मला ओळखतो. मी रस्त्यातले दगड उचलायला लागलो. लोक म्हणाले, कंपाउंडरचा वसा वामननं घेतला. ते ऐकलं की जेवण जायचं नाही.

काकांनी कुणाविरुद्ध तक्रार केली नाही. पण फाट्यानं लहानूला सोडलं नाही. टपरीवर आला की कुणीतरी म्हणायचंच, "आला बघा, माणूस उडवणारा." त्यानं टपरी सोडली. मग गाडी सोडली. पहाटे भट्टीवर जाताना तो रस्त्यानं न येता शेतातून, बांधाबांधानं चालत जायचा. मी त्याला माझ्या गाडीवरून बघायचो, आणि तो बघेल म्हणून वेग वाढवायचो.

काका दीड महिन्यानं घरी आले. कुबड्या घेऊन ओट्यावर बसायचे. गाडी गोठ्यात गोणपाट टाकून ठेवलेली. आता मोटरसायकल कायमची बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी रोज जायचो. काकींना बाजार आणून द्यायचो, काकांना धरून अंगणात चालवायचो. काकी म्हणायच्या, "पोटच्या पोराहून करतोस रे." मी मान खाली घालायचो. काका नुसते माझ्याकडे बघायचे.

होळी होऊन गेल्यावर एका सकाळी काकी पाण्याला गेल्या होत्या. काका म्हणाले, आता नाशिकला मुलीकडे जातोय, इथं कुबड्यांवर गुरं कशी बघू? परवा तिची गाडी येतेय. मला वाटलं, सुटलो. आणि त्या वाटण्याचीच मला इतकी भीती वाटली, की मी ओट्याच्या पायरीवर बसकण मारली.

"काका, ते दगड माझे होते."

त्यांनी कुबडी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "म्हाईत हाय."

मी मान वर केली.

"चौथा हातात घेतला तेव्हा माझ्या गाडीच्या उजेडात दिसला. काळी बोटं उमटली होती त्याच्यावर. चेनचं तेल. मी म्हणलं, कोणाची तरी चेन पडली, बिचारा. मंग तू दवाखान्यात आलास. हात खिशात घालायच्या आधी मी नखं बघितली तुझी."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? तीन महिने?"

"भ्यालो," काका म्हणाले. "इचारलं आन् तू नाय म्हणलास तर? मंग मी काय करणार होतो? तुला गाडी मी शिकवली."

मी त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी कुबडीनं माझा हात बाजूला सारला. रागानं नाही, रस्त्यातलं काहीतरी उचलून कडेला ठेवावं तसा.

"माझं मोडलं ते सांधलं. त्या लहानूचं काय? तो बांधावरून जातो. मी इथून रोज बघतो. माझ्याकडं नको, त्याच्याकडं जा. मी जायच्या आधी जा."

त्याच दिवशी दुपारी मी वाडीवर गेलो. लहानू झोपडीच्या सावलीत टोपली विणत होता, बायको बाजूला काटक्या मोडत होती. तिच्या कोपरावरचा डाग अजून गुलाबी होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तो उठेल, मारेल. तो टोपलीकडेच बघत राहिला. बोलली ती त्याची बायको.

"दगड व्हते, आमी ओरडून सांगत व्हतो. कोन आयकलं?"

"मी ऐकलं होतं," मी म्हणालो. "मी तिथंच होतो. चुकलो मी. माफ करा."

लहानूनं तेव्हा मान वर केली. "इथं कशाला बोलताव, दादा? इथं मला कोन काय बोललंय? जिथं बोलले तिथं बोला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फाट्यावर टपरी भरलेली होती. शहापूरला जाणारे, मुरबाडला जाणारे, सगळे गाडीवरचे लोक. लहानू माझ्या सांगण्यावरून आला होता, पण रस्त्याच्या पलीकडेच उभा होता, इकडे यायला तयार नव्हता. आदल्या संध्याकाळी मी सांगितल्यामुळे काकाही रिक्षा करून आले होते आणि कुबड्या मांडीवर घेऊन तिच्यात बसून होते. मी दोनदा उठून पुन्हा बाकावर बसलो. मी चहाचा पेला खाली ठेवला. "अरे वामन, घाबरलास काय एवढा?" कुणीतरी हसून म्हणालं.

मी रस्ता ओलांडून लहानूपाशी गेलो, त्याच्या बाजूला उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मोरीवरचे दगड माझे होते. मी ठेवले, मी काढले नाहीत. आठवले तरी परत गेलो नाही. काकांचा पाय माझ्यामुळं मोडला. मार लहानूनं खाल्ला आणि मी बघत राहिलो. लहानू, माझं चुकलं. मला माफ कर."